धानपट्ट्यातला व्हॅम्पायर : आठ पानांची गुन्हेकथा चित्रांत कशी मांडायची

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर चित्रं आहेत आणि डोक्यात एक खून आहे. कॉमिक कधी काढलं नसलं तरी चालेल. हात साधा असला तरी चालेल. गाव मात्र नीट पाहिलेलं हवं.

व्हॅम्पायरची गुन्हेकथा ही भुताची गोष्ट नव्हे. भुताच्या गोष्टीत आता काय होणार ही धास्ती पुरते. इथे कोणी केलं, कसं केलं आणि पुरावा काय, हे तिन्ही प्रश्न सोडवावे लागतात. करणारा माणूस नाही, एवढाच फरक. म्हणून माझा आग्रह एकच आहे : आधी नियम ठरवा. व्हॅम्पायरला काय जमतं आणि काय जमत नाही, हे वाचकाला अगोदर कळलेलं असेल तरच तो तपासात उतरतो. आयत्या वेळी नवी शक्ती काढून दाखवली की वाचक पान मिटतो, आणि त्याचं बरोबर असतं.

पहिली पायरी : थोडं, पण नेमकं वाचा

अमेरिकेतल्या कॉमिक प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःसाठी एक आचारसंहिता केली, कॉमिक्स कोड. तिने व्हॅम्पायर, चालती मढी, नरभक्षक यांना बंदी घातली. त्याच संहितेत गुन्हेकथांनाही वेसण होती : मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द शीर्षकातल्या इतर शब्दांपेक्षा ठळकपणे मोठा नको, आणि शेवटी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे. आपल्याला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच कागदाने अडवल्या. १९७१मध्ये कोड सैल झाला, जुन्या साहित्याच्या वळणाचे व्हॅम्पायर चालतील असं ठरलं, आणि १९७२मध्ये मार्व्हलचं ‘द टूम्ब ऑफ ड्रॅक्युला’ सुरू झालं. १९७३मध्ये त्यात व्हॅम्पायरांची शिकार करणारा ब्लेड आला, १९७४मध्ये हॅनिबल किंग आला. हा किंग खाजगी गुप्तहेर, आणि स्वतःच व्हॅम्पायर. तपास करणाऱ्याच्याच अंगात गुन्हेगाराची भूक घातली की कथा किती ताणली जाते, ते इथे पाहावं. चित्रांसाठीही ही मालिका हवीच. जीन कोलनने सत्तरच्या सत्तर अंकांची रेखाटनं केली आणि त्याचं धुकं, त्याच्या सावल्या आजही शिकवतात.

दुसरं वाचा ‘३० डेज ऑफ नाइट’, २००२ सालचं, स्टीव्ह नाइल्स आणि बेन टेम्पलस्मिथ यांचं. अलास्कातल्या, तेव्हा बॅरो नावाच्या गावात हिवाळ्यात कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही, आणि व्हॅम्पायर तिथे येतात. मला त्यातली सुरुवात फार महत्त्वाची वाटते : शेरीफला सापडतो तो जळालेल्या मोबाईल फोनांचा ढीग. अजून रक्ताचा थेंब नाही, कोणी मेलेलं नाही, पण कोणीतरी गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडतंय हे कळतं. राक्षस दिसण्याआधी त्याची तयारी दिसली पाहिजे. तिसरं, २०१०पासूनचं ‘अमेरिकन व्हॅम्पायर’. त्यातला १९३६च्या लास व्हेगासचा भाग शोधून वाचा. शहर वाढतंय, पैसा येतोय, रक्त आटवलेली प्रेतं सापडताहेत आणि पोलीसप्रमुख तपास करतोय. व्हॅम्पायर आणि पोलीसकथा यांचा सांधा कसा जुळवावा, ते तिथे कळतं.

आणि चौथा आपला वेताळ. तो रक्त पीत नाही, मढ्यात राहतो. पण त्याच्या पंचवीस गोष्टींतली एक गोष्ट सरळ गुन्ह्याची आहे. घार साप घेऊन उडते, सापाचं विष ब्राह्मणाच्या अन्नात पडतं, ब्राह्मण मरतो. दोषी कोण? घार, साप, की अन्न वाढणारी? राजाचं उत्तर असं की विचार न करता यातल्या कोणावरही जो बोट ठेवील, तो दोषी. हे उत्तर लक्षात ठेवा, पाचव्या पायरीवर लागणार आहे.

दुसरी पायरी : आपली रात्र निवडा

नवखे लोक इथे हमखास वाडा घेतात. पडका वाडा, कुलूप, कोळ्याची जाळी. ते सोडून द्या, कारण त्या वाड्यात रात्री कोणीच जात नाही आणि गुन्हेकथेला साक्षीदार लागतात. विदर्भातली रात्र रिकामी नसते. शेतीची वीज रात्रीची असली की ओलितासाठी माणूस मध्यरात्री उठून मोटर सुरू करायला जातो. रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय पिकात शिरतात म्हणून मचाणावर जागल असते. कापसाच्या दिवसांत जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते आणि लोक गाडीतच झोपतात. यातली कुठलीही रात्र घ्या. तिथे कोण जागं असतं, कोणाला काय दिसू शकतं आणि अंधारात कोणता आवाज कुठून येतो, याची वहीत आधी नोंद करा.

मी या लेखासाठी धानपट्टा घेतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाट्यमंडळांचं ठाणं. नाटक रात्री दहाच्या सुमारास चढतं आणि पहाटेपर्यंत चालतं. घरोघरी पाहुणे असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, शेजारच्या गावांतून लोक पायी, ट्रॅक्टरने, मोटरसायकलने येतात. धानाच्या बांध्या कापून झालेल्या असतात, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या पाळीवर, बांधावर, थंडी उतरलेली असते. अख्खं गाव जागं आहे आणि सगळे एकाच दिशेने, रंगमंचाकडे पाहताहेत. खून करायला याहून सोयीची रात्र कोणती? अनोळखी माणूस दिसला तरी कोणी विचारत नाही. कोणाचा तरी पाहुणा असेल, असंच समजतात.

तिसरी पायरी : तीन नियम, जास्त नाहीत

व्हॅम्पायरचे नियम बाजारात पुष्कळ आहेत. लसूण आपल्याकडे चालत नाही. ज्या गावात रोज ठेचा होतो तिथे व्हॅम्पायर पहिल्याच दिवशी उपाशी मरेल. वटवाघळाचं रूपही सोडा. रक्त पिणारी वटवाघळं फक्त मेक्सिकोत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत असतात. आपल्याकडची किडे, बेडूक, उंदीर नाहीतर फळं खातात. क्रूसाच्या जागी अंगारा किंवा ताईतही आणू नका. चमत्काराने गुन्हेगार पकडला की तपास वाया गेला.

मी हे तीन घेईन. एक, ऊन. स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो. उन्हाने मरणं १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातून आलं. पण ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तिथल्या वाचकाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. दोन, आमंत्रण. घरातल्या कोणी ‘या’ म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. हा नियम स्टोकरचा, आणि आपल्या गावात तो सोन्यासारखा आहे, कारण इथे दारात उभ्या माणसाला ‘या जी’ म्हटल्याशिवाय कोणी राहत नाही. तीन, प्रतिबिंब नाही. आरशात नाही, म्हणून मोबाईलच्या कॅमेऱ्यातही नाही.

हे तिन्ही नियम पहिल्या चार पानांत चित्रातून दिसले पाहिजेत. कोणी म्हातारा पारावर बसून ‘व्हॅम्पायरला ऊन सहन होत नाही’ असं सांगतोय, अशी चौकट काढू नका.

चौथी पायरी : मृतदेह नीट काढा

इथे सावकाश जा, कारण सगळी कथा या चार-पाच चौकटींवर उभी राहते. मानेवर दोन छिद्रं काढून भागत नाही. माणूस मेल्यावर रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला साचतं आणि त्वचेवर लालसर-जांभळे डाग दिसू लागतात. अर्ध्या तासापासून दोनेक तासांत ते उमटायला लागतात आणि साधारण आठ ते बारा तासांत पक्के होतात. प्रेत उताणं असेल तर पाठीवर येतात. जिथे अंग जमिनीला टेकलेलं असतं तिथे मात्र पांढरट राहतं. अंगातलं रक्त फार गेलेलं असेल तर हे डाग फिके असतात किंवा नसतातच. तुमचा पहिला खरा पुरावा हा : डॉक्टर प्रेत कुशीवर वळवतात आणि पाठ कोरी असते. एक चौकट, संवाद नाही, फक्त पाठ आणि डॉक्टरांचा थांबलेला हात.

मग प्रश्न येतो रक्त गेलं कुठे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. प्रेताखालची माती कोरडी असेल तर एक तर माणूस दुसरीकडे मेला, नाहीतर रक्त कोणीतरी नेलं. पोटात एका वेळी मावतं लिटर-दीड लिटर. मग बाकीचं? तलावाच्या पाळीखाली प्लॅस्टिकची पाच लिटरची कॅन सापडू द्या, तळाला लाल कड असलेली. आता व्हॅम्पायर नुसता भुकेला राहिला नाही. तो साठवणारा झाला, म्हणजे त्याची योजना आहे.

पोलिसांची रीतही इथे कथेला हात देते. गावात प्रेत सापडलं की पोलीस पाटील ठाण्यात कळवतात, मर्ग म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद दाखल होते, ठाणेदार किंवा बीट जमादार येतात आणि परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांना पंच म्हणून घेऊन पंचनामा होतो. कॅन जप्त करायची तर त्या जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ते आणलं, आणि त्यासाठी मोबाईल चालतो. शवविच्छेदनाचं असं : काही रुग्णालयांना २०२१पासून सूर्यास्तानंतरही ते करायची मुभा आहे, पण खुनाचा संशय असलेलं प्रेत एरवी दिवसाउजेडीच उघडतात. म्हणजे रात्री दोनला सापडलेलं प्रेत सकाळपर्यंत ग्रामीण रुग्णालयात पडून राहतं. तेवढे तास व्हॅम्पायरला मोकळे मिळतात.

आता गुन्हेगार. माझ्या कथेत तो पंच आहे. नाटकाच्या गर्दीत प्रेत सापडतं, लोक पांगायच्या आत पंचनामा उरकायचा असतो, पहाटे चार वाजता सही करायला कोण तयार? हा माणूस पुढे येतो. भला, शांत, धोतर-टोपीतला. आठवड्याने दुसऱ्या गावच्या मंडईत दुसरं प्रेत सापडतं. पुन्हा पहाट, पुन्हा तोच पंच. दोन्ही कागदांवर वेळ लिहिलेली आहे आणि दोन्ही वेळा सूर्य उगवायच्या आधीच्या आहेत.

पाचवी पायरी : गावाचं बोट कोणाकडे वळतं

गाव पंचावर संशय घेणार नाही. गाव घेईल एकट्या राहणाऱ्या म्हातारीवर, नाहीतर बाहेरून आलेल्या नटावर, जो रात्रभर रंगमंचावर असतो आणि दिवसभर झोपलेला असतो. हे संशय कथेत जरूर आणा, वाचकालाही थोडा वेळ तिकडे ओढा. पण ते खरे ठरवू नका. आपल्या भागात भानामती आणि करणीच्या संशयावरून माणसांना खांबाला बांधून मारलेलं आहे. गाडगेबाबा याच मुलखात जन्मले आणि आयुष्यभर कीर्तनातून हेच धुवत फिरले. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२मध्ये नागपुरातच सुरू झाली, आणि २०१३मध्ये राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. म्हातारी खरोखरच रक्त पिणारी निघते अशी कथा तुम्ही काढलीत, तर ती त्या खांबाच्या बाजूने उभी राहते. जमादाराला वेताळाची गोष्ट माहीत असू द्या. गाव म्हातारीच्या दाराशी जमतं त्या चौकटीत तो फक्त एवढंच विचारतो, ‘दाखवा पुरावा.’

सावकाराला व्हॅम्पायर करायची कल्पना प्रत्येकाला सुचते. रक्तशोषक हा शब्द भाषणात इतका झिजलाय की पहिल्याच पानावर वाचक गुन्हेगार ओळखतो. आणि शेतकऱ्याची आत्महत्या धक्का देण्यासाठी वापरू नका. ज्या घरात ती झाली, त्या घरातलंच कोणी तुमचं पुस्तक उघडू शकतं.

सहावी पायरी : आठ पानं

आठच का? ए-फोरचे दोन कागद मधोमध दुमडले की आठ पानांची पुस्तिका होते आणि एका खुनाला तेवढी पानं पुरतात. वाचक पान उलटतो ते दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या पानावर. धक्के तिथेच ठेवा. तिसऱ्या किंवा पाचव्या पानावर ठेवलेला धक्का शेजारच्या पानाबरोबरच नजरेला पडतो. आठवं पान म्हणजे मागचं आवरण, ते पुस्तिका न उघडताही दिसतं. तिथे गुन्हेगाराचा चेहरा काढलात तर पहिली सात पानं वाया.

माझी मांडणी अशी. एक : मंडप, गर्दी, दिव्यांची माळ. दोन : तलावाची पाळ आणि प्रेत. तीन : पंचनामा, जमादाराच्या हातात बॅटरी. चार : कोरी पाठ. पाच : गाव म्हातारीच्या दाराशी, आणि दुसऱ्या प्रेताची बातमी. सहा : ठाण्यात जमादार कॅनच्या जप्तीचं चित्रीकरण मोबाईलवर पाहतोय. कागदावर दोन सह्या, पडद्यावर एकच पंच. दुसऱ्याच्या जागी नुसता चुन्याचा पट्टा मारलेला खांब. सात : जमादार पंचाला ‘सही राहिली’ म्हणून पहाटे पाळीवर बोलावतो आणि सहीआधी पंचनामा वाचून दाखवायला लागतो. तो वाचून दाखवायचाच असतो, रीत आहे तशी. जमादार एकेक ओळ सावकाश वाचतो, आणि पूर्वेला उजाडतंय. आठ : पंचनाम्याचा कागद, दोन सह्या. आधी मागचं पान पाहणाऱ्याला तो नुसता सरकारी कागद दिसतो.

उंबऱ्याचा पुरावा सगळ्यांत आधी पेरायचा. पहिल्याच पानावर कोपऱ्यात एक घर काढा. पाहुणा पायरीवर थांबलेला, पाय उंबऱ्याच्या अलीकडे. आतून बाई म्हणते, ‘काहून जी, बाहेरच उभे? या ना.’ तिसऱ्या पानावर चहासाठी दुसऱ्या घरी जाताना तोच माणूस तसाच थांबलेला, पाय तसाच. पाचव्या पानावर म्हातारीच्या दारात गाव दार ढकलून आत घुसतंय, आणि एकटा तो बाहेर आहे. तिने त्याला बोलावलेलं नाही. तिन्ही वेळा चौकट लहान ठेवा, बाण नको, ‘तो थांबला’ असं लिहायला नको. दोन चौकटींमधली मोकळी पट्टी वाचक स्वतः भरतो. तिथे त्याच्या मनात जे जुळतं ते तुम्ही लिहून सांगितलंत की त्याच्या हातातला तपास काढून घेतलात.

मूळ पानं ए-फोरवर काढा आणि झेरॉक्सला ७१ टक्के करून घ्या, म्हणजे ए-फाइव्ह होतात आणि रेषेचे थरथरणारे भाग आवळले जातात. एका पानावर पाचपेक्षा जास्त चौकटी नकोत. शाई काळी, कॅमलची वॉटरप्रूफ, दोन नंबरचा ब्रश आणि एक बारीक पेन एवढ्यात काम होतं. जुन्या मशीनवर मोठा काळा भाग मधून पांढुरका येतो. म्हणून आकाश सपाट काळं न भरता दाट रेघांनी भरा. रक्तही काळंच येणार. रात्रीच्या उजेडात ते तसंच दिसतं, लाल पेन्सिलने रंगवत बसू नका.

अक्षरं आधी, फुगा नंतर. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतो. ओळींमध्ये तेवढी जागा सोडली नाही तर आकार लहान झाल्यावर सगळं एकमेकांत घुसतं. एका फुग्यात तीन ओळी पुरे. बोली जिथली तिथली ठेवा. धानपट्ट्याची झाडीबोली वेगळी, अकोला-अमरावतीची वऱ्हाडी वेगळी. जमादार बाहेरून बदलून आलेला असेल तर त्याची भाषा वेगळी असू द्या, आणि पंचाची इतकी चोख गावची असू द्या की तो परका वाटूच नये. संवाद लिहून झाले की गावातल्या जाणत्या बाईकडून मोठ्याने वाचून घ्या; ती जिथे अडखळेल तिथे वाक्य बदला.

सातवी पायरी : छापणं आणि पहिला वाचक

जोडणी अशी करा : पहिल्या कागदाच्या एका बाजूला डावीकडे आठ, उजवीकडे एक, पाठीमागे डावीकडे दोन, उजवीकडे सात. दुसऱ्या कागदाच्या एका बाजूला सहा आणि तीन, पाठीमागे चार आणि पाच. कडेला एक सेंटिमीटर कोरं सोडा, मशीन कड खातं. झेरॉक्सवाल्याला आधी एकच प्रत पाठपोट काढायला सांगा आणि दुमडून पानं क्रमाने येतात का पाहा. आवरणावर ‘प्रौढांसाठी’ असं लिहा; वीस वर्षांखालच्या मुलांवर वाईट परिणाम करणाऱ्या हिंसक चित्रकथांबद्दल आपल्याकडे १९५६चा कायदा आहे, आणि प्रेताच्या चौकटी लहान मुलांसाठी नाहीतच.

पहिली प्रत अशा माणसाला द्या, ज्याने तुमची कथा ऐकलेली नाही. तो वाचत असताना बोलू नका. पाचव्या पानावर थांबवून विचारा, संशय कोणावर? त्याने पंचाचं नाव घेतलं तर तिसऱ्या पानावरची उंबऱ्याची चौकट आणखी लहान करा. नट किंवा म्हातारी म्हणाला तर पुढे वाचू द्या, आणि सहावं पान झाल्यावर तो आपणहून पहिल्या पानाकडे परत जातो का, ते पाहा. गेला नाही, तर पहिल्या पानावरचा तो पाय पुन्हा काढायला घ्या.